गोलंदाज सदू शिंदे

१९४३-४४ च्या हंगामात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये रणजी करंडकाचा सामना झाला. मुंबईच्या विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. धावांच्या त्या पुरात महाराष्ट्राच्या एका वीस वर्षांच्या तरुणाने पंचाहत्तर षटकांहून अधिक गोलंदाजी केली आणि १८६ धावांत पाच गडी बाद केले. तो तरुण म्हणजे सदाशिव गणपतराव शिंदे. सदू शिंदे या नावाने ते प्रसिद्ध झाले.

शिंदे यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. पुढे महाराष्ट्र, मुंबई आणि बडोदे या संघांकडून ते खेळले. ते फिरकी गोलंदाज होते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून त्यांचा चेंडू दूर वळे. पण मधूनच हाताची ठेवण तशीच राखून ते गुगली टाकीत, आणि मग चेंडू उलट आत शिरे. ही विद्या फार अवघड. टप्पा किंचित चुकला, की चेंडू सीमेपार जातो. शिंदे यांचाही टप्पा कधी कधी चुके; परंतु मार बसतो म्हणून त्यांनी फिरकीची कास सोडली नाही.

२२ जून १९४६ रोजी लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर ते पहिला कसोटी सामना खेळले. शेवटचे फलंदाज म्हणून उतरून त्यांनी रुसी मोदी यांना साथ दिली व दोघांनी त्रेचाळीस धावांची भर घातली. त्यानंतर मात्र कसोटीची संधी त्यांना अधूनमधूनच मिळाली.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला त्यांचा दिवस उगवला. इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. त्यांपैकी सहा गडी एकट्या शिंदे यांनी ९१ धावांत टिपले. तोपर्यंत भारताने एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. विजय आता हाताशी आला, असे वाटू लागले. परंतु दुसऱ्या डावात भारतीयांकडून झेल सुटले, ॲलन वॉटकिन्स पाय रोवून उभे राहिले आणि सामना अनिर्णित राहिला. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला विजय मिळवला, तेव्हा त्या अकरा जणांत शिंदे नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्‌सवरच ते अखेरचा कसोटी सामना खेळले.

विषमज्वराने २२ जून १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लॉर्ड्‌सवर प्रथम पाऊल टाकल्यास त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे झाली होती. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

कसोटीत शिंदे यांना सात सामने आणि बारा बळी लाभले. त्यांतील निम्मे बळी दिल्लीच्या त्या एका डावातले. प्रथम श्रेणीच्या एकूण एकोणऐंशी सामन्यांत मात्र त्यांनी २३० गडी बाद केले. दिल्लीचा तो एक दिवस असा वर्षानुवर्षांच्या परिश्रमांतून उगवला होता. मोठी संधी केव्हा येईल आणि किती काळ टिकेल, हे माणसाच्या हाती नसते. तिच्यासाठी आपली विद्या तयार ठेवणे तेवढे त्याच्या हाती असते. शिंदे यांनी ते अखेरपर्यंत केले.