साईबाबांच्या पंगतीतील मुके सोबती

परभणी : शिर्डीच्या द्वारकामाईत दर्शनासाठी गेलेल्या भाविकाचे लक्ष प्रथम अखंड तेवणाऱ्या धुनीकडे आणि बाबा ज्या शिळेवर बसत तिच्याकडे जाते. तेथील सभामंडपात एका घोड्याचा आणि एका वाघाचाही पुतळा आहे. बहुतेकजण त्यांना हात लावून नमस्कार करतात व पुढे सरकतात. साऱ्या जगाने ज्या फकिराला देवत्व बहाल केले, त्याच्या घरात या दोन प्राण्यांना कायमची जागा का मिळाली असावी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले, की साईबाबांच्या चरित्राचा एक वेगळाच धागा हाती लागतो. या चरित्रात माणसांच्या बरोबरीने घोडी आहे, कुत्री आहेत, शेळ्या आहेत आणि अखेरच्या आठवड्यात आलेला एक आजारी वाघही आहे.

पाथरीचा धागा

साईबाबांचा जन्म कोठे झाला, हा वादाचा विषय आहे. स्वतः बाबांनी आपले नाव, गाव वा जात यांविषयी उघडपणे काहीही सांगितले नाही. तथापि त्यांचे निकटचे भक्त म्हाळसापती यांना त्यांनी पाथरीचा उल्लेख करून आपले मूळ सांगितले होते व लहानपणीच आपल्याला एका फकिराच्या स्वाधीन करण्यात आल्याचेही सूचित केले होते, अशी नोंद नरसिंहस्वामी यांनी करून ठेवली आहे. पाथरी हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्या काळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. याच जिल्ह्यातील सेलूचे गोपाळराव देशमुख हे बाबांचे गुरू, असे दासगणू महाराज मानत. पुढे १९७० च्या दशकात अभ्यासक वि. बा. खेर यांनी पाथरीत जाऊन चौकशी केली आणि तेथील भुसारी कुटुंबाशी बाबांचा संबंध असावा, असे मत मांडले. १९९९ मध्ये पाथरीत बाबांचे मंदिर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा जन्मस्थान या शब्दावरून शिर्डीत बंद पाळला गेला. हा वाद आजही मिटलेला नाही आणि कदाचित मिटणारही नाही. मात्र बाबांचे शिर्डीतील जीवन पुष्कळ तपशिलांसह आपल्यापुढे आहे. त्याचे मुख्य श्रेय 'श्री साईसच्चरित' हा ५३ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ रचणाऱ्या गोविंद रघुनाथ दाभोलकर तथा हेमाडपंत यांना द्यावे लागेल. पुढील बहुतेक हकिकती याच ग्रंथातील आहेत. त्यांतील चमत्कार मानावा की मानू नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. त्यांतून दिसणारे माणूस व प्राणी यांचे नाते मात्र दोघांनाही सारखेच पाहता येते.

हरवलेली घोडी

बाबांचा शिर्डीतील कायमचा प्रवेशच मुळी एका घोडीमुळे झाला. पैठण तालुक्यातील धूपखेड्याचे चांद पाटील हे सधन गृहस्थ. प्रवासात त्यांची घोडी हरवली. दोन महिने शोधूनही ती सापडेना, तेव्हा निराश होऊन खोगीर पाठीवर टाकून ते घरी निघाले. वाटेत आंब्याच्या झाडाखाली चिलीम ओढण्याच्या तयारीत बसलेला एक तरुण फकीर त्यांना भेटला. त्याने खोगिराविषयी विचारपूस केली आणि जवळच्या ओढ्याकडे शोध घेण्यास सांगितले. घोडी तेथे चरत होती. चकित झालेल्या पाटलांनी फकिराला आपल्या घरी नेले. काही काळाने पाटलांच्या नात्यातील एका मुलाचे लग्न शिर्डीतील मुलीशी ठरले आणि वऱ्हाडाबरोबर हा फकीरही शिर्डीत आला. प्रचलित मांडणीनुसार ही गोष्ट १८५८ च्या सुमाराची. खंडोबाच्या देवळाजवळ म्हाळसापतींनी त्याला साई म्हणून हाक मारली आणि तेच नाव कायम झाले. वऱ्हाड परतले; फकीर मात्र राहिला.

कुंडीतील वाटेकरी

तेव्हाची शिर्डी हे कोपरगाव तालुक्यातील एक लहानसे खेडे होते. पडक्या मशिदीत बाबांनी मुक्काम केला. तिलाच ते द्वारकामाई म्हणत. ठरावीक घरी जाऊन भिक्षा मागायची, भाकरीचे तुकडे झोळीत आणि पातळ पदार्थ टमरेलात घ्यायचे, मशिदीत परतल्यावर ते सारे एका कुंडीत एकत्र करायचे, हा त्यांचा नेम. ती कुंडी उघडीच असे. कुत्री, मांजरे, कावळे येत आणि हवे ते खात. त्यांना कोणी हाकलत नसे. मशीद झाडणारी बाई त्यातून दहा-बारा तुकडे घेऊन जाई. उरलेले बाबा खात.

आज पाळीव प्राणी म्हटले की पट्टा, पिंजरा आणि मालक हे शब्द ओघाने येतात. द्वारकामाईतील व्यवस्था याहून वेगळी होती. तेथील कुत्री कोणाच्याही मालकीची नव्हती. बाबांचे स्वतःचे असे काहीच नव्हते, तर प्राणी त्यांच्या मालकीचे कोठून असणार? मात्र मिळालेल्या अन्नात मुक्या जीवांचा वाटा पहिला, हा त्या पंगतीचा नियम होता आणि बाबांच्या सहवासात आलेल्या अनेकांच्या जीवनाला त्याने वळण दिले.

लक्ष्मीबाई शिंदे यांचे उदाहरण बोलके आहे. एका सायंकाळी त्या दर्शनाला आल्या असता बाबांनी आपल्याला भूक लागल्याचे सांगितले. लक्ष्मीबाई लगबगीने घरी गेल्या आणि भाकरी-कालवण घेऊन आल्या. बाबांनी ते ताट उचलले व तसेच समोरच्या कुत्र्यापुढे ठेवले. इतक्या घाईने केलेला स्वयंपाक त्यांनी चाखलाही नाही, याचे बाईंना वाईट वाटले आणि त्यांनी ते बोलून दाखवले. तेव्हा बाबांनी त्यांना समजावले, की कुत्र्याची भूक व आपली भूक निराळी नाही. त्याला बोलता येत नाही एवढाच फरक. त्या दिवसापासून लक्ष्मीबाई रोज दूध-भाकरी घेऊन मशिदीत येऊ लागल्या आणि बाबाही ती आवडीने खाऊ लागले. उरलेला घास राधाकृष्णामाईंकडे पोहोचवण्याचे कामही लक्ष्मीबाईंकडेच आले. एका कुत्र्याचे पोट भरले, ही या प्रसंगातील लहान गोष्ट. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव एका बाईच्या प्रत्येक दिवसाला मिळाली, ही मोठी.

तर्खडबाईंचा अनुभवही असाच. त्यांचे पती बाबासाहेब तर्खड हे प्रार्थना समाजाचे, मुंबईतील वांद्र्यात राहणारे. शिर्डीच्या मुक्कामात दुपारची पाने वाढली जात असताना एक भुकेला कुत्रा दाराशी आला. बाईंनी उठून त्याला भाकरीचा चतकोर घातला. चिखलाने माखलेले एक डुक्करही तेव्हा आले होते. पुढे मशिदीत गेल्यावर त्यांनी आपल्याला पोटभर जेवू घातल्याचे बाबा सांगू लागले. बाईंना काही उमगेना, तेव्हा बाबांनी त्या दोन मुक्या जीवांशी आपण एकरूप असल्याचे सांगितले. देवासाठी दूरवर आलेल्या त्या सुशिक्षित गृहिणीला देव दारातच भेटला होता.

बाळा गणपत शिंपी यांची कथा आजाराशी निगडित आहे. हिवतापाने ते जर्जर झाले होते. औषधे, काढे घेऊनही ताप हटेना. बाबांनी त्यांना लक्ष्मीच्या देवळाजवळ जाऊन काळ्या कुत्र्याला दहीभात घालण्यास सांगितले. शिंपी तेथे पोहोचले तेव्हा एक काळा कुत्रा शेपूट हलवीत समोर आला. त्याने दहीभात खाल्ला आणि लवकरच शिंपी बरे झाले, असे 'साईसच्चरित' सांगते. हिवताप डासांमुळे होतो आणि त्यावर औषधच घ्यावे लागते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही आपल्याच दुखण्यात बुडालेल्या माणसाला उठवून दुसऱ्याच्या भुकेकडे पाहायला लावण्यात मोठा शहाणपणा होता, हे नाकारता येत नाही.

योगायोग असा, की बाबा शिर्डीत स्थिरावत होते त्याच सुमारास, १८५९ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी एखादा लहान प्राणी ही उत्तम सोबत असल्याचे नमूद केले. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात तिघांचा, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ जणांचा मृत्यू झाला होता. नंतरच्या सर्वच अभ्यासांत असा ठळक फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु प्राण्याच्या निमित्ताने माणसाला ठरल्या वेळी उठावे लागते, चालावे लागते, कोणाशी तरी बोलावे लागते. एकाकी माणसासाठी हे थोडे नाही.

श्यामकर्ण आणि दोन शेळ्या

बाबांच्या परिवारातील सर्वांत लाडका प्राणी म्हणजे श्यामकर्ण घोडा. श्यामसुंदर या नावानेही तो ओळखला जाई. कासम नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घोडीला शिंगरू होत नव्हते. पहिले शिंगरू बाबांना अर्पण करण्याचा त्याने नवस केला आणि तो फेडला, असे शिर्डीत सांगतात. १९०९ च्या अखेरीस बाबांचा चावडी सोहळा सुरू झाला. एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत निजण्याचा बाबांचा परिपाठ होता. चावडीकडे जाताना टाळ-मृदंगाच्या गजरात मिरवणूक निघे. तीत अंगावर झूल, पायांत घुंगरू असा सजलेला श्यामकर्ण डौलाने चाले. बाबांपुढे तो मान लववून नमस्कार करी. बाबांच्या मागे अनेक वर्षे तो जगला. त्याची समाधी लेंडीबागेत आहे.

शेळ्यांची गोष्ट थोडी गमतीची. लेंडीहून परतताना बाबांना एक कळप दिसला. त्यातील दोन शेळ्या त्यांनी ३२ रुपयांना घेतल्या. बाजारभावाच्या हे कितीतरी पट होते. तात्या कोते आणि शामा या भक्तांनी बाबा फसले म्हणून कुरकुर केली. बाबा शांत राहिले. त्यांनी शेळ्यांना डाळ खाऊ घालायला लावली आणि नंतर त्या धनगराला परत देऊन टाकल्या. पूर्वजन्मी ते दोघे सख्खे भाऊ होते व पैशाच्या लोभाने एकमेकांच्या जिवावर उठले होते, अशी कथा त्यांनी यानिमित्त सांगितली. माणसाच्या हिशेबाची चूक दाखवण्यासाठी त्यांनी दोन शेळ्या पुढे केल्या होत्या.

वाघाचा निरोप

१९१८ च्या ऑक्टोबरात बाबांची प्रकृती खालावली होती. समाधीच्या सात दिवस आधी मशिदीपुढे एक गाडी येऊन थांबली. तीत साखळदंडांनी जखडलेला वाघ होता. त्याचे खेळ दाखवून पोट भरणाऱ्या दरवेशांनी तो आणला होता. वाघ आजारी होता. सर्व उपाय थकले होते. बाबांची परवानगी मिळताच त्याला पायऱ्यांपाशी आणले. बाबांकडे पाहताच त्याने मान खाली घातली. दोघांची नजरानजर झाली. वाघाने तीन वेळा शेपटी जमिनीवर आपटली, एक डरकाळी फोडली आणि प्राण सोडला. उपजीविकेचे साधन गेल्याने दरवेशी खिन्न झाले. पण फकिराच्या पायाशी आलेले मरण भाग्याचे, असे मानून त्यांनी मनाचे समाधान करून घेतले. महादेवाच्या देवळापाशी नंदीसमोर वाघाला पुरण्यात आले. जन्मभर साखळीत राहिलेल्या त्या जनावराच्या वाट्याला शेवटी का होईना, माणसांचा सन्मान आला.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, बाबांनी देह ठेवला. अखेरच्या क्षणांपूर्वी त्यांनी कफनीच्या खिशातून आधी पाच आणि मग चार, अशी नऊ नाणी काढून लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर ठेवली. कुत्र्यापुढे ठेवलेल्या भाकरीबद्दल एके काळी रुसलेल्या त्याच या लक्ष्मीबाई.

आजच्या उंबरठ्यावर

बाबांच्या या पैलूचा विचार आज शहरात अधिक अगत्याने व्हायला हवा. मुले परगावी, आई-वडील बंद सदनिकेत, अशा घरांतून कुत्र्या-मांजरांना कुटुंबात स्थान मिळत आहे आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडून दिलेली जनावरेही याच शहरांत दिसतात. भटक्या कुत्र्यांच्या चाव्याने माणसे दगावतात, हेही वास्तव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्र्यांबाबत आपला आधीचा आदेश बदलताना निर्बीजीकरण व लसीकरण यांवर भर दिला आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे बजावले. मायेला शिस्तीची जोड हवी, हाच त्याचा अर्थ. बाबांची कुंडीसुद्धा एकाच ठिकाणी, रोज ठरल्याप्रमाणे मांडलेली असे.

परभणीकरांना जनावरांची सोबत नवी नाही. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या जोरावर इथली काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली गेली. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाला देणारी घरे आजही गावोगाव आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पाथरीला येणाऱ्या भाविकांची संख्या वाढते आहे, रस्ते आणि भक्तनिवास यांची चर्चाही होते. त्या आराखड्यांत तहानलेल्या गुरांसाठी एखादा हौद आणि आजारी जनावरांसाठी उपचाराची सोय झाली, तर जन्मस्थानाचा वाद बाजूला ठेवूनही बाबांचे खरे स्मारक उभे राहील. त्यासाठी कोणत्याही पुराव्याची गरज पडणार नाही.