उसने २५ पौंड घेतले अन् फॉर्म्युला वनची टीम उभी केली

वडशात एखाद्या गॅरेजमागं गवतात रुतलेली जुनी गाडी दिसली की कॉलिन चॅपमन आठवतो. जन्म लंडनचा, १९२८ चा.

कॉलेजात असताना हा जुन्या गाड्या विकायचा. धंदा बसला, हाती उरली जुनी ऑस्टिन सेव्हन. मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजात ती खोलून त्यानं प्लायवूड-अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चढवली. ही पहिली लोटस, साल १९४८.

खरी गंमत १९५१ ची. कमी खर्चातल्या त्या रेसचा नियम होता, इंजिन ऑस्टिन सेव्हनचंच हवं. त्यात सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवा आत जायला भोकं दोनच. शेजारचे सिलिंडर एकमेकांच्या वाट्याचं ओढायचे. चॅपमननं भोकांत मधोमध पत्रा बसवला. दोनाच्या चार वाटा! गाडी एवढी पळाली की पुढं नियम करून ही युक्तीच बंद केली.

१९५२ ला हेझलच्या २५ पौंडांवर कंपनी निघाली, वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागच्या तबेल्यात. १९६३ पासून टीमला सात जगज्जेतेपदं.

पण वजन घटवायच्या हट्टापायी गाड्या मोडायच्याही. १९७० ला मोंझात ब्रेकचा शाफ्ट तुटला, त्याचा ड्रायव्हर योखेन रिंट गेला. त्या वर्षीचा विजेता रिंटच ठरला, मेल्यावर. चॅपमन १९८२ ला हार्ट अटॅकनं गेला, ५४ व्या वर्षी.