जोतीराव फुले यांचें शेवटलें आजारपण

पुणें येथील जोतीराव गोविंदराव फुले हे ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले. त्यांच्या शाळा, त्यांचे ग्रंथ व सत्यशोधक समाज ह्यांविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकिलें आहे. परंतु घरांतले जोतीराव, म्हणजे सावित्रीबाईंचे पति व यशवंताचे वडील, कसे होते हें फारसें सांगितलें जात नाहीं. आज तेवढेंच लिहावयाचें योजिलें आहे.

लग्न १८४० सालीं झालें. वर तेरा वर्षांचा, वधू नऊ वर्षांची. ती सातारा जिल्ह्यांतील नायगांवची. जोतीराव पुढें पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, आणि जें शिकले तें त्यांनीं बायकोस शिकविलें. अहमदनगर येथें मिस फरार ह्यांच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांच्या मनानें उचल घेतली, हें आमच्या जिल्ह्यांतील बंधूंस ऐकून बरें वाटेल. तथापि ते आमच्या मंडळींत आले नाहींत; त्यांस मागाहून ओढून आपल्यांत बसविण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. भाऊबंदांच्या धाकानें वडील गोविंदराव यांनीं मुलास शाळा सोड किंवा घर सोड असें सांगितलें. त्यांनीं घर सोडलें, आणि सावित्रीबाई त्यांच्या मागोमाग उंबरठ्याबाहेर पडल्या.

त्यांस मूल झालें नाहीं. अशा वेळीं आपल्या गांवांत काय होतें तें सांगावयास नको: सासरचीं माणसें दुसरी बायको पाहूं लागतात, आणि पहिली चुलीपाशीं मान खालीं घालून बसते. जोतीरावांसही हा सल्ला मिळाला. त्यांनीं तो ऐकिला नाहीं. १८६३ सालीं त्यांनीं आपल्याच घरीं फसलेल्या विधवांसाठीं बाळंतपणाची सोय केली. तेथें काशीबाई नांवाची एक ब्राह्मण विधवा आली. तिचा मुलगा ह्या नवराबायकोंनीं १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. तोच यशवंत. ता. १० जुलै १८८७ रोजीं केलेल्या मृत्युपत्रांत जोतीरावांनीं त्यालाच वारस नेमिलें. मात्र तो उनाड निघाल्यास दुसरा लायक मुलगा निवडावा, असेंही लिहून ठेविलें. प्रीति असून त्यांचे डोळे उघडे होते.

मे १८८८ मध्यें मुंबईस मांडवी येथें मोठी सभा भरून लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली. पुढें दोनच महिन्यांनीं अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं औषधोपचार केले, पण हात परत आला नाहीं. ज्याच्या घरांत असा रोगी पडून आहे त्यालाच ठाऊक कीं कूस बदलणें, घास भरविणें, अंग पुसणें ह्यांत दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो. सावित्रीबाईंनीं असे दिवस सव्वादोन वर्षांहून अधिक काढिले. त्यांतच घरीं पैशाची ओढाताण. एके काळीं जोतीराव मोठ्या बांधकामांचे मक्ते घेत; परंतु मिळविलें तें लोकांच्या कामीं गेलें होतें. १८९० सालीं मामा परमानंद यांनीं बडोद्याचे सयाजीराव महाराज यांस पत्र लिहून ह्या घराची अडचण कळविली.

इतकें असूनही रोगी स्वस्थ पडून राहिला नाहीं. उजवा हात चालेना, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहावयास घेतलें आणि सार्वजनिक सत्यधर्म हें पुस्तक १ एप्रिल १८८९ रोजीं संपविलें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशीं यशवंताचें लग्न सत्यशोधक पद्धतीनें लाविलें. आपल्या मागें घर उघडें पडूं नये, ही काळजी त्यांस लागली असावी असें आम्हांस वाटतें.

आपलें प्रेत न जाळतां मिठांत पुरावें अशी त्यांची इच्छा होती, आणि घरामागें खड्डाही तयार होता. वस्तींत पुरण्यास म्युनिसिपालिटीनें परवानगी दिली नाहीं. म्हणून दहन करावें लागलें. एके काळीं जोतीराव स्वतः त्याच म्युनिसिपालिटीचे सभासद होते!

मग प्रेतापुढें टिटवें कोणीं धरावें हा वाद निघाला. जो टिटवें धरील तो वारस, अशी समजूत. पुतण्यांनीं यशवंताचा हक्क मानिला नाहीं. रक्ताचा नव्हे तो पुत्र कसला, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या, टिटवें त्यांनीं आपल्या हातीं घेतलें, आणि प्रेतापुढें त्याच चालल्या. अग्निही त्यांनींच दिला. बाईमाणसानें मसणवटीकडे पाऊलही टाकूं नये अशा त्या काळीं हें घडलें. अस्थि मागाहून घरामागें, त्यांनीं योजिलेल्या जागीं, पुरण्यांत आल्या.

बापाचें तें शेवटलें पुस्तक यशवंतानें १८९१ सालीं छापून काढिलें. पुढें तो डॉक्टर झाला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां त्यानें हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यांत दवाखाना घातला, आणि आई रोग्यांस तेथें पोंचवूं लागली. एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आणितां आणितां तिलाही तोच रोग जडला, आणि १० मार्च रोजीं ती वारली.