हिमनद्यांचा अभ्यासक लुई अगासी

स्वित्झर्लंडमधील मोतिए या लहानशा गावी २८ मे १८०७ रोजी पाळकांच्या घरी लुईचा जन्म झाला. आधीची चार मुले देवाघरी गेलेली, म्हणून आईचा जीव याच्यावर फार. पोराला मासे पकडण्याचा नाद. पुढे माशांच्या जीवाश्मांवरील अभ्यासानेच त्यांना नावलौकिक मिळाला व १८३२ साली ते नशातेल येथे प्राध्यापक झाले.

आल्प्सपासून कितीतरी दूर, सपाट रानांत, त्या मातीशी नाते नसलेले प्रचंड धोंडे पडलेले असत. ते नोहाच्या जलप्रलयात वाहत आले असावेत, असे पुष्कळ विद्वान समजत. पेरोदाँ नावाचा एक डोंगरी शिकारी मात्र म्हणे की, हे काम बर्फाचे. हा विचार व्हेनेत्झ या अभियंत्यामार्फत मिठाच्या खाणीचे संचालक शार्पांतिए यांच्याकडे आला. तो खोडून काढावा म्हणून १८३६ च्या उन्हाळ्यात अगासी त्यांच्याकडे गेले, आणि पटवून घेऊन परतले! १८३७ साली त्यांनी हिमयुगाची कल्पना विद्वानांच्या सभेत मांडली. १८४० साली, शार्पांतिए यांच्या ग्रंथाच्या एक वर्ष आधी, त्यांचा ग्रंथ निघाला. शार्पांतिए दुखावले, आणि ते स्वाभाविकच होते असे आम्हांस वाटते.

उंटरआर हिमनदीवर एका मोठ्या धोंड्याखाली अगासी व त्यांचे सोबती राहत. १८२७ साली दुसऱ्या एका अभ्यासकाने तेथे बांधलेली झोपडी बारा वर्षांत पाऊण मैलाहून अधिक खाली सरकली होती. म्हणजे बर्फ वाहतो! १८४१ मध्ये अगासी दोराला फळी बांधून बर्फातील विहिरीत उतरले, आणि शंभर फुटांहून खोल गेल्यावर पाय गार पाण्यात बुडाले.

त्या हिमनदीच्या माथ्याशी फिन्स्टरआरहॉर्न हे ४,२७४ मीटर उंचीचे टोकदार शिखर आहे. अशी शिखरे कशी घडतात, हे पुढील भूशास्त्रज्ञांनी उलगडले. डोंगराच्या कुशीत बर्फ साठतो. फटींत शिरलेले पाणी गोठून फुगते व खडक फोडते. सरकता बर्फ ते तुकडे उपटून नेतो, आणि त्यांनीच तळ घासतो. खळगा वाटीसारखा खोल होतो व मागे डोंगरात शिरतो. पाठीला पाठ लावून असे दोन खळगे झाले की मधे सुरीसारखी धार उरते. तीन-चार बाजूंनी झाले की उरतो तो सुळका. मॅटरहॉर्न असाच घडला. शब्बाथशाळेत दाखवायचे असेल तर एक बटाटा चारी बाजूंनी चमच्याने कोरावा. मुलांना लगेच कळेल.

१८४६ साली अगासी अमेरिकेस गेले व हार्वर्ड येथे प्राध्यापक झाले. येथे एक दुःखाची गोष्ट लपवून चालणार नाही. मानवाचे वंश वेगवेगळे निर्माण झाले व काळे लोक हीन, असे ते शिकवू लागले. गुलामगिरीच्या समर्थकांना ते आयतेच सापडले. सर्व माणसे एकाच आदामाची लेकरे, हे ज्या घरात शिकवले जात असेल त्या घरच्या मुलाने असे म्हणावे! धोंड्यांच्या बाबतीत पुराव्यापुढे मान तुकवणारा हा माणूस येथे मात्र अखेरपर्यंत बदलला नाही. डार्विन यांचा उत्क्रांतिवादही त्यांनी कधी मानला नाही.

१४ डिसेंबर १८७३ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे ते वारले. त्यांच्या कबरेवर आर हिमनदीवरून आणलेला एक धोंडा ठेवला आहे.