असन्निधानाचा धडा : आचार्य श्रीनागदेव

परमार्गातील प्रत्येक साधकापुढे एक प्रश्न केव्हातरी उभा राहतो. ज्या सन्निधानाच्या बळावर आपण आचरत होतो, ते अंतरल्यावर काय करावे? या प्रश्नास आपल्या पंथात सर्वांआधी तोंड द्यावे लागले ते आद्याचार्य श्रीनागदेव तथा भटोबास यांना. म्हणून त्यांच्या चरित्रातील तो काळ विशेष मननीय आहे.

इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी उत्तरापंथे गमन केले. स्वामींच्या श्रीमुखीचे निरूपण ऐकावे आणि त्यांचे दास्य करावे, यापरते भटोबासांना दुसरे जीवित नव्हते. ते एकाएकी तुटले. भानखेडच्या परिसरात ते विरहाने विकळ होऊन राहिले; देहाविषयीही उदास झाले. हे दुःख खोटे नव्हते. ज्यास देवाची आवडी आहे, त्यासच असे दुःख होते. परंतु त्यात एक उणीव राहत होती. श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहावे, अशी स्वामींची आज्ञा होती. स्वामींसाठी शोक करताना स्वामींची आज्ञाच मागे पडत होती. सोबतच्या भक्तजनांनी त्यांना सावरले आणि ते रिद्धपुरास आले. विरह ओसरला म्हणून नव्हे, तर आज्ञा आहे म्हणून निघावे, हा त्या काळाचा पहिला धडा होय.

रिद्धपुरास दुसरा धडा वाट पाहत होता. श्रीचक्रधरप्रभू प्रश्नास उत्तर देत, दृष्टान्त सांगत, शास्त्र उलगडत. श्रीगोविंदप्रभूंची राहाटी याहून अगदी वेगळी. ते मुलांमध्ये खेळत, कोणाच्याही घरी जात, कोणाच्याही हातचे आरोगण करीत. लौकिक दृष्टीस ते वेडेपण वाटे. तेथे निरूपणाची अपेक्षा धरून बसणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नसते. भटोबासांनी ती अपेक्षा सोडली आणि वर्षानुवर्षे श्रीप्रभूंची सेवा केली. पूर्वीचे सुख पूर्वीच्याच रूपाने परत मिळावे, हा हट्ट गळल्याशिवाय समोर असलेली कृपा दिसत नाही, हे त्या सेवेत त्यांना उमगले असले पाहिजे.

या काळी भटोबास स्वामींच्या लीळांचे नित्य मनन करीत. सराळ्याचे विद्वान म्हाइंभट यांनी हे जाणले व त्या लीळा सांगण्याची त्यांना विनंती केली. भटोबासांनी आठवून सांगाव्या, म्हाइंभटांनी लिहाव्या. शिवाय ज्यांनी ज्या लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांना गाठून त्या पडताळून घ्याव्या, असा क्रम चालला. इ. स. १२७८ च्या सुमाराचा ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ असा सिद्ध झाला. भानखेडला जो विरह एकट्याला जाळीत होता, तोच येथे स्मरण होऊन सर्वांस उपकारक ठरला.

पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाले. सन्निधान दुसऱ्यांदा अंतरले. परंतु या वेळी भटोबास खचले नाहीत. ते भक्तपरिवारासह गंगातीरी गेले आणि भिक्षा, अटन व स्मरण यांची शिस्त त्यांनी मार्गास लावून दिली. केशिराजबासांसारखे संस्कृतज्ञ पंडित ग्रंथरचनेस सिद्ध असता त्यांनी मराठीचाच आग्रह धरला. कारण संस्कृताने साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास वंचित झाल्या असत्या. ज्याने स्वतः वियोग सोसला, तो दुसऱ्या कोणास देवापासून दूर राहू देईल कसा? चौदाव्या शतकाच्या आरंभी देह ठेवीपर्यंत त्यांनी हे आचार्यपद सांभाळले.

त्यांच्या या शिकवणीची कसोटीही लवकरच लागली. त्या शतकारंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा हिराइसाप्रभृती भक्तजनांनी मुखोद्गत लीळांच्या आधारे ती पुन्हा सिद्ध केली. पोथी गेली, पण स्मरण गेले नव्हते.

आज आपण सारेच असन्निधानाचे साधक आहोत. आपल्यासाठी स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही साधने आहेत. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण आहे. तरीही आजारपण, गुरुवियोग, आश्रमाची घडी विस्कटणे असे प्रसंग येतात, नित्यविधी मोडतो आणि मन म्हणते, आता पूर्वीसारखे काही उरले नाही. अशा वेळी भटोबासांचा भानखेड ते रिद्धपूर हा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. दुःख झाकू नये. पण आज्ञेस विसरू नये. आज हाती जेवढी सेवा आहे तेवढी करावी आणि जे आठवते ते दुसऱ्यास सांगावे. विरहाचे सार्थक होते ते असेच.

दंडवत प्रणाम.