विश्लेषण : ल्युपसग्रस्त मुलाला औषधाचा नेमका डोस किती? गर्ट्रूड एलियन यांचे संशोधन आजही का महत्त्वाचे?

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या गालांवर लालसर चट्टे उठतात, सांधे दुखू लागतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी फेसाळ होते. तपासण्यांअंती ल्युपसचे निदान होते आणि आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचे कळते. औषध सुरू करण्याआधी डॉक्टर आणखी एक रक्ततपासणी लिहून देतात. ही तपासणी आजाराची नसते. मुलीचे शरीर औषधाचे काय करील, याची ती असते. अझाथायोप्रिन या औषधाबाबत ती का करावी लागते, हे समजून घ्यायचे तर ते औषध घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांच्याकडे जावे लागते. डॉक्टरेट नसलेल्या या रसायनशास्त्रज्ञ महिलेला १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ल्युपसमध्ये डोसचा पेच काय असतो?

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. ती मूत्रपिंडातील गाळण्यांवर उलटली की त्या आजाराला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हे अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेने होते. उपचार म्हणजे या यंत्रणेला आवर घालणे. औषध कमी पडले तर गाळण्या कायमच्या निकामी होतात आणि विशीतच डायलिसिसची वेळ येऊ शकते. जास्त झाले तर पांढऱ्या पेशी घसरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. मधली वाट अरुंद आहे आणि ती प्रत्येक मुलासाठी वेगळ्या ठिकाणी असते.

गर्ट्रूड एलियन कोण होत्या?

जन्म २३ जानेवारी १९१८, न्यूयॉर्क. वडील लिथुआनियातून आलेले दंतवैद्य, आई पोलंडच्या बाजूची. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळीत वडिलांची पुंजी गेली. गर्ट्रूड १५ वर्षांच्या असताना लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. ते दुखणे त्यांनी जवळून पाहिले आणि रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. हंटर कॉलेजात मुलींना शिक्षण मोफत होते म्हणून ते शक्य झाले. १९३७ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी त्या पदवीधर झाल्या.

पुढे मात्र दारे बंद होती. पंधरा विद्यापीठांकडे त्यांनी आर्थिक मदतीसह प्रवेशासाठी अर्ज केले. एकाही ठिकाणी काम झाले नाही. एका मुलाखतीत तर, प्रयोगशाळेत त्यांच्यामुळे पुरुषांचे लक्ष विचलित होईल, असे कारण मिळाले. मग काही काळ सेक्रेटरीचा कोर्स, परिचारिकांना जीवरसायनशास्त्र शिकवण्याची तीन महिन्यांची नोकरी आणि एका प्रयोगशाळेत सुरुवातीला बिनपगारी काम. दिवसा शाळेत शिकवून आणि रात्री-शनिवारी प्रयोग करून १९४१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून एम.एस्सी. पूर्ण केले. त्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या.

त्याच वर्षी त्यांचे ज्याच्याशी लग्न ठरत होते, तो तरुण हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गाने दगावला. पेनिसिलिन काही वर्षे आधी हाती आले असते तर तो बहुधा वाचला असता. एलियन यांनी पुढे लग्न केले नाही. चरित्रकार या घटनेला फार महत्त्व देतात. ते खरेही असेल, पण त्यांच्या आयुष्यातील पुढची चाळीस वर्षे पाहिली तर दुःखापेक्षा कामाची चिकाटीच अधिक दिसते.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळांना माणसे कमी पडू लागली. तेव्हा एलियन एका मोठ्या किराणा कंपनीत लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनीजचा रंग तपासत होत्या. वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकम कंपनीच्या गोळ्यांचे नमुने येत. कंपनी घरापासून जवळच, टकाहो गावी होती. तिथे विचारून पाहा, असे वडिलांनी सुचवले. १९४४ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्या रुजू झाल्या. संध्याकाळी लांबचा प्रवास करून त्या पीएच.डी.चे वर्गही करत होत्या. पूर्णवेळ या, नाहीतर सोडा, असा निरोप आला तेव्हा त्यांनी पीएच.डी. सोडली.

‘सिक्स-एमपी’ कसे सापडले?

त्या काळी औषधे बरीचशी योगायोगाने सापडत. हिचिंग्ज यांचा मार्ग वेगळा होता. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत करावी लागते आणि त्यासाठी प्युरिन नावाचे घटक लागतात. जवळजवळ तसाच दिसणारा, पण किंचित बदललेला घटक पेशीला दिला तर ती फसेल आणि तिची वाढ थांबेल. थोडक्यात, खोटे नाणे चालवायचे. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. हे काम त्याच्या आधी सुरू झाले होते.

प्युरिनचा विभाग एलियन यांच्याकडे आला. त्यांच्या आधीच्या एका रेणूने रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये गुण दाखवला होता. एक तरुणी जवळपास दोन वर्षे ठणठणीत राहिली, मग आजार परतला आणि ती गेली. हे मरण एलियन यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुढे त्यांनी प्युरिनमधील ऑक्सिजनच्या एका अणूच्या जागी गंधकाचा अणू बसवला. हेच सिक्स-मरकॅप्टोप्युरिन, म्हणजे ‘सिक्स-एमपी’. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तोवर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी निम्मी निदानानंतर तीन-चार महिन्यांत दगावत. हाताशी स्टिरॉइड आणि फॉलिक ॲसिडविरोधी औषधे एवढेच होते. (ही दुसरी औषधे ज्या प्रयोगशाळेतून आली, तिचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.) सिक्स-एमपीने मुलांच्या आयुष्यात महिन्यांची भर घातली, पण बहुतेकांचा आजार परतत असे. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली तेव्हा या आजाराचे चित्र पालटले आणि सिक्स-एमपी त्या उपचारात आजही आहे.

कर्करोगाचे औषध मूत्रपिंडाकडे कसे वळले?

१९५८-५९ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डेमशेक यांनी सिक्स-एमपी दिलेले ससे परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नाहीत, हे दाखवले. प्रतिकारक पेशीही झपाट्याने दुभंगतात, म्हणून खोटे नाणे तिथेही चालले. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉय काल्न यांनी ते मूत्रपिंड बदललेल्या कुत्र्यांवर वापरले. दरम्यान एलियन आणि हिचिंग्ज यांनी १९५७ मध्ये सिक्स-एमपीवर रासायनिक आवरण चढवलेला नवा रेणू तयार केला होता. शरीरात गेल्यावर हे आवरण गळून पडते आणि सिक्स-एमपी मोकळे होते. हेच अझाथायोप्रिन. १९६२ मध्ये बोस्टनच्या जोसेफ मरे यांनी त्याच्या आधारे मृत, नात्याबाहेरील दात्याचे मूत्रपिंड बसवले आणि ते वर्षाहून अधिक काळ चालले. पुढे ल्युपस नेफ्रायटिसमध्ये, विशेषतः आजार आटोक्यात आल्यावर तो तसाच राखण्यासाठी, हे औषध वापरात आले.

गोळी गिळल्यानंतर काय होते?

एलियन यांच्या कामातील हा भाग नोबेलच्या बातम्यांत फारसा आला नाही. औषध बनवून त्या थांबल्या नाहीत. किरणोत्सारी गंधक जोडलेले सिक्स-एमपी वापरून ते शरीरात कुठे जाते, कशात बदलते आणि लघवीतून कोणत्या रूपात बाहेर पडते, याचा त्यांनी माग काढला. झँथिन ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम औषधाचा बराच भाग वाया घालवते, हे त्यातून दिसले. मग ते एन्झाइम रोखणारा रेणू सोबत दिला तर? तो रेणू म्हणजे ॲलोप्युरिनॉल.

प्रयोग एका अर्थी फसला. सिक्स-एमपीचा प्रभाव वाढला, पण दुष्परिणामही तेवढेच वाढले, त्यामुळे रुग्णाला नफा काही नाही. मात्र या रेणूने रक्तातील युरिक ॲसिड झपाट्याने उतरले, कारण तेही याच एन्झाइमने बनते. गाउटच्या रुग्णांना यातून औषध मिळाले. घरातल्या कुणाला युरिक ॲसिडची गोळी चालू असेल तर ती बहुधा हीच असते किंवा तिच्या जातकुळीतली.

या फसलेल्या प्रयोगाने डोसबाबतचा एक पक्का नियमही दिला. अझाथायोप्रिनसोबत ॲलोप्युरिनॉल द्यावेच लागले, तर अझाथायोप्रिनचा डोस साधारण पाव करावा लागतो. तसे न केल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. गोळी तीच, रुग्ण तोच. फक्त विल्हेवाटीचा एक रस्ता बंद झाला म्हणून डोस चौपट ठरला.

वजनावरून ठरवलेला डोस पुरेसा का नाही?

मुलांना अझाथायोप्रिन वजनावर देतात, दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते २.५ मिलिग्रॅम. वजन मोजता येते, म्हणून ते सोयीचे. पण औषधाच्या विल्हेवाटीचा आणखी एक रस्ता आहे, टीपीएमटी नावाच्या एन्झाइमचा, आणि तो वजनावर नव्हे तर आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी दाखवले, की युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातील सुमारे ८९ जणांमध्ये हे एन्झाइम पुरेसे, ११ जणांमध्ये मध्यम आणि साधारण तीनशेत एकामध्ये जवळजवळ नसतेच. त्या एका मुलाला नेहमीचा डोस दिला, तर औषधाचा सक्रिय अंश पेशींत साचत जातो आणि काही आठवड्यांत अस्थिमज्जा काम थांबवते. अशा मुलाला ल्युपससाठी दुसरेच औषध निवडणे बरे. मध्यम गटाला कमी डोसने सुरुवात करतात. उलट, काहींचे एन्झाइम इतके तेज असते की पूर्ण डोस घेऊनही सक्रिय अंश पुरेसा बनत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र मूल गोळ्या चुकवते आहे, असे वाटते.

नव्या चाचण्या काय तपासतात?

मुलांच्या ल्युपस नेफ्रायटिसमध्ये आज मायकोफेनोलेट हे औषध आघाडीवर आहे. ते एलियन यांचे नव्हे. ते बुरशीतून आले. पण तेही प्युरिनच्या निर्मितीवरच घाव घालते. त्याचा डोस सहसा शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे उंची-वजनाच्या हिशेबाने ठरतो. तरीही सारख्या डोसवर दोन मुलांच्या रक्तातील औषधाची पातळी कितीतरी वेगळी निघते.

याचे एक कारण आजारातच दडले आहे. हे औषध रक्तात बहुतांश अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. मूत्रपिंडाच्या गाळण्या फुटल्या की अल्ब्युमिन लघवीतून वाहून जाते आणि मोकळे झालेले औषधही लवकर बाहेर पडते. म्हणजे आजार सर्वांत जोरात असतो, तेव्हाच औषध कमी पडण्याची शक्यता अधिक. मूत्रपिंड सुधारू लागले की हिशेब पुन्हा बदलतो.

म्हणून अमेरिकेत मुलांसाठी अशी चाचणी आखली गेली, की एका गटाला पृष्ठफळावर ठरलेला डोस आणि दुसऱ्याला रक्तातील पातळीवरून जुळवलेला. त्यासाठी गोळी घेण्याआधी एकदा आणि नंतर काही तासांत दोन-तीनदा रक्त घ्यायचे, त्यावरून बारा तासांत औषधाचा एकूण प्रभाव किती हे गणिताने काढायचे आणि ठरलेल्या लक्ष्यापर्यंत डोस कमी-जास्त करायचा. मग लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडाचे काम कोणत्या गटात अधिक सुधारते, ते पाहायचे. ऐकायला सोपे आहे. आधीच सुयांना वैतागलेल्या मुलाला पुन्हा-पुन्हा टोचायचे, आई-वडिलांचा एक दिवस रुग्णालयात जायचा आणि कोणत्या गटात आपले मूल आहे हे त्यांना कळायचे नाही. मुलांमधील अशा चाचण्या मोठ्यांच्या मानाने कमी का होतात, त्याचे उत्तर बरेचसे यात आहे.

एलियन यांचे पुढे काय झाले?

१९६७ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, १९७० मध्ये कंपनीबरोबर नॉर्थ कॅरोलिनाला गेल्या. नागिणीवरचे असायक्लोव्हिर त्यांच्याच गटाचे. १९८३ मध्ये निवृत्ती, तरी प्रयोगशाळेत येणे-जाणे सुरूच. १९८८ चे नोबेल हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह. नंतर मानद डॉक्टरेट ओळीने आल्या. रुग्णांची आणि पालकांची पत्रे मात्र त्या जपून ठेवत. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतीय मुलांसाठी याचा अर्थ काय?

टीपीएमटीची आकडेवारी युरोपीय वंशाची आहे. एलियन यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांना एनयूडीटी-१५ हे दुसरे जनुक सापडले. औषधाचा सक्रिय अंश निष्प्रभ करणे हे त्याचे काम. त्यातील बिघाड पूर्व आशियात अधिक आढळतो, आणि भारतीयांमध्येही टीपीएमटीच्या बिघाडापेक्षा तो जास्त दिसतो. त्यामुळे आपल्याकडे केवळ टीपीएमटीचा अहवाल नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दोन्ही जनुके तपासणे अधिक उपयोगाचे. आणि जिथे जनुकतपासणी परवडत नाही किंवा मिळत नाही, तिथे डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात आणि पहिल्या काही आठवड्यांत वरचेवर सीबीसी करायला सांगतात. मूल बरे दिसते म्हणून अनेक घरांत नेमकी हीच तपासणी टळते.