अलॉइस अल्झायमर : विस्मरणाचा माग

३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूविषयी निबंध वाचला. श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आज त्यांचे आडनाव घराघरांत, बहुधा धास्तीनेच, उच्चारले जाते.

बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी १४ जून १८६४ रोजी जन्मलेल्या अल्झायमर यांचा प्रबंध कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता. विषय गमतीचा वाटला तरी सूक्ष्मदर्शकाशी त्यांचे नाते जुळले ते कायमचेच. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. चेतापेशी रंगवून पाहण्याची पद्धत शोधणारे फ्रान्झ निस्सल तेथे त्यांचे सहकारी झाले. दिवसा रुग्ण आणि सायंकाळनंतर मेंदूचे काप, असा दोघांचा क्रम असे.

१९०१ मध्ये अल्झायमर यांच्या पत्नीचे निधन झाले. पदरी तीन लहान मुले होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. पतीचे नाव विचारले की ती स्वतःचेच नाव सांगे. फ्लॉवर खात असताना पालक खात असल्याचे सांगे. अल्झायमर यांनी तिची उत्तरे बारकाईने टिपून ठेवली. हरवलेली ती फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्येच सापडली.

१९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन यांच्याकडे प्रथम हायडेलबर्गला आणि नंतर म्युनिकला गेले. तेथे त्यांनी काही काळ विनावेतन काम केले. ऑगस्टेचा मात्र त्यांना विसर पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती मरण पावल्यावर तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींबाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. मोजक्या रुग्णांच्या आधारे केलेली ही घाईच म्हणावी लागेल. पण नाव टिकले. १९१२ मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद लाभले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, ते निवर्तले.

त्या गुठळ्या कशाच्या, हे त्यांच्या हयातीत कळणे शक्यच नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे पेप्टाइड वेगळे केले. सुमारे ४० ते ४२ अमिनो आम्लांची ही आखूड साखळी म्हणजे पेशीपटलात रुतलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा कापला गेलेला तुकडा. सुटे रेणू फारसे उपद्रवी नसतात. त्यांचे छोटे पुंजके बनले की ते पेशीच्या स्निग्ध पटलाला चिकटतात, त्याची रचना विस्कटतात आणि काही संशोधकांच्या मते त्याला छिद्रेही पाडतात. मग कॅल्शियम अनिर्बंधपणे आत शिरते आणि चेतापेशी हळूहळू निकामी होते. अल्झायमर यांनी पाहिलेल्या मोठ्या गुठळ्यांपेक्षा हे न दिसणारे पुंजकेच अधिक घातक असावेत, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

इवले पेप्टाइड पेशीपटलापाशी केवढा उत्पात घडवते, हे रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागाने निराळ्या रूपात सोसले आहे. तेथील लाल विंचवाच्या विषातील पेप्टाइडे चेतापेशीच्या पटलावरील सोडियमची दारे मिटू देत नाहीत. दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुफ्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरून या मृत्यूंना आवर घातला. विंचवाचे विष ठरावीक दार धरते आणि काही तासांतच जिवावर उठते. अमायलॉइड पटलालाच हात घालते आणि वर्षानुवर्षे गाजावाजा न करता काम करते. लक्षणे दिसेपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली असते. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध याच पुंजक्यांना पकडते. त्याने आजाराची गती काहीशी मंदावते. गेलेली स्मृती परत येत नाही.